एकोणीस मिनिटांचा शर्ट

शर्ट पाठीमागून उघडत होता, आणि सिस्टरला त्याचा भयंकर अभिमान वाटत होता.

समोरून बघाल तर साधासुधा, पांढऱ्यावर बारीक निळी रेघ असलेला शर्ट. कॉलर कडक, बटणं पाच, खिसा एक. पण ती पाचही बटणं नुसती शोभेची. खरा शर्ट पाठीवर वरपासून खालपर्यंत दुभंगलेला. माणसाला खुर्चीत बसवायचं, समोरून दोन्ही बाह्या चढवायच्या, मागे दोन चिकटणाऱ्या पट्ट्या एकमेकींवर दाबायच्या, की झालं. चाळीस सेकंद. तिने नवऱ्याला खुर्चीत बसवून स्वतः वेळ मोजली होती. तिसऱ्या खेपेला तर अडतीस.

"अडतीस सेकंदांत माझी जांभईसुद्धा पुरी होत नाही," नवरा म्हणाला होता, आणि लगेच जांभई देऊन सिद्धही करून दाखवलं होतं.

तिला सगळे सिस्टरच म्हणत. चोवीस वर्षं हॉस्पिटलात काढल्यावर माणसाचं नाव कागदापुरतं उरतं. अकरा महिन्यांपूर्वी तिने बिनपगारी रजा टाकली, गल्लीच्या तोंडाशी बंद पडलेल्या फोटो स्टुडिओची खोली भाड्याने घेतली आणि तिथे शिलाई मशीन आणून बसवलं. तरी इस्त्रीवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळे विचारायचे, "काय सिस्टर, रजा कधी संपतेय?" जणू बाईंनी हौसेने भातुकली मांडली आहे, दोन दिवसांत आवरतील.

खोली दहा बाय बाराची. स्टुडिओवाला जाताना कॅमेरे घेऊन गेला, पण मागच्या भिंतीवरचा रंगवलेला पडदा ठेवून गेला. पडद्यावर संगमरवरी जिना, दोन खांब आणि लांबवर एक तळं. सिस्टरने तो काढला नाही, कारण मागच्या भिंतीला ओल होती, आणि तळ्याखाली ओल असली तर कुणी विचारत नाही. माणसाएवढा आरसा होता, कपडे बदलायला आडोसा होता, उजेड भरपूर होता. आणि दारावर पाटीही होती: ‘फोटो स्टुडिओ’. त्या पाटीपायी दिवसाला निदान दोघं तरी पासपोर्टचा फोटो काढायला यायचे आणि मशीन बघून तिच्याकडे असं काही पाहायचे, की जणू तिनेच त्यांना फसवलंय.

"पाटी बदल की गं," नवरा म्हणायचा.

"बदलू. घाई काय आहे?"

घाई नव्हती, कारण पाटी बदलली म्हणजे परतीचं दार लावून घेतलं. हे तिलाही ठाऊक होतं, आणि नवऱ्यालाही. म्हणून तो ते वाक्य महिन्यातून एकदाच म्हणायचा.

दुकान काढलं होतं ते वेगळ्याच कामासाठी. ज्यांना कपडे होईनासे झालेत त्यांच्यासाठी. कुणाचा खांदा धरलेला, कुणाचा हात प्लास्टरमध्ये, कुणाची बोटं सांधेदुखीने वाकडी. वॉर्डात अशा माणसांसाठी एकच औषध होतं, ते म्हणजे कात्री. दीड वर्षापूर्वी एका बाईला घरी सोडायचं होतं. खांद्यापासून पंजापर्यंत प्लास्टर. घरच्यांनी तिचा आवडता, पिवळ्या फुलांचा झगा आणला होता, तो काही केल्या चढेना. सिस्टरने कात्री घेतली आणि बाही सर्रकन कापली. सफाईदार काम, एका दमात. बाई कापलेल्या बाहीची मांडीवर घडी करून ती घेऊन गाडीत जाऊन बसली. सिस्टरने जन्मात हजारो कपडे कापले असतील, पण त्या दिवशी तिला वाटलं, आज आपण कपडा नाही, भलतंच काहीतरी कापलं.

शिवण ती आपली आपणच शिकलेली. जुने शर्ट उसवायचे, परत जोडायचे. चुकलं की परत उसवायचं.

आई मात्र काही केल्या ऐकायला तयार नव्हती. आजी हॉस्पिटलात आया होती, आई सिस्टर होऊन मेट्रनपर्यंत चढली, आणि लेकीने त्याच जिन्यावर पाय ठेवला होता. आईला निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली, पण छातीवर पिनेने लावलेलं उलटं घड्याळ तिने अजून काढलं नव्हतं. घरात चहा उकळायला लागला तरी ती घड्याळ वर करून बघायची.

"तीन पिढ्या आपण लोकांना उभं केलं," ती म्हणायची. "आता तू त्यांच्या पँटी आखूड कर."

हा टोमणा झोंबायचा, कारण तो खरा होता. अकरा महिन्यांत दुकानात आलं ते सगळं असलंच: चेन बदलून द्या, पँट आखूड करा, उसवलंय तिथे दोन टाके घाला. ज्यांच्यासाठी दुकान काढलं ती माणसं घरात बसून होती, आणि असं दुकान असतं हे त्यांना माहीतच नव्हतं.

अशात सोमवारी मेट्रनबाईंचा फोन आला. आवाज नेहमीसारखा, तापमान घेतल्यासारखा.

"मी पुढच्या महिन्यात निवृत्त होतेय. माझी खुर्ची तुझी. वरच्यांशी बोलून ठेवलंय. रजा आता वाढणार नाही, ते मनात आणू नकोस. शनिवारी बारा वाजेपर्यंत हो म्हण. नसेल यायचं तर राजीनामा पाठव."

आईच्या कानावर अर्धच बोलणं पडलं होतं, पण तेवढ्याने ती दोन दिवस गालात हसत होती. लेकीसाठी ती खुर्ची तिने मनातल्या मनात केव्हाच पुसून ठेवली होती.

सिस्टरने कुणालाच काही सांगितलं नाही. मनाशी मात्र ठरवलं: हेडमास्तरांचा शर्ट जमला तर राहायचं, नाही जमला तर सोमवारी गुमान पांढरा युनिफॉर्म चढवायचा. दुकान काढलं होतं त्या कामाचं हे पहिलंच गिऱ्हाईक होतं.

*

हेडमास्तर पलीकडच्या गल्लीत राहायचे. चाळीस वर्षं गणित शिकवलं, त्यातली बारा वर्षं शाळा चालवली. सहा महिन्यांपूर्वी झटका आला आणि उजवी बाजू लुळी पडली. वाचा परत आली, पाय काठीच्या आधाराने चालायला लागला, हात मात्र आलाच नाही. या शनिवारी चार वाजता शाळेत जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा होता, आणि हेडमास्तर म्हणत होते की मी येणार नाही.

"कपड्यांवरून सगळं अडतं हो," त्यांची बायको दुकानात येऊन म्हणाली होती. गल्ली त्यांना काकू म्हणायची. "शर्ट घालता घालता आम्हा दोघांच्या नाकी नऊ येतात. मी ओढते, ते ओरडतात, मग मी रडते, मग ते गप्प बसतात. काहीतरी करा."

सिस्टर मापं घ्यायला घरी गेली. हेडमास्तर खिडकीपाशी खुर्चीत बसले होते, अंगात गळ्याशी ढिला झालेला बनियन.

"आजोबांचा हात खांद्यातून किती उचलतो?" तिने काकूंना विचारलं.

"अजिबात नाही."

"कॉलर घट्ट लागते का त्यांना?"

"लागते, पण सांगायचे नाहीत."

"मी इथेच बसलोय," हेडमास्तर म्हणाले. शब्द जड, पण एकेक स्वच्छ.

"हो आजोबा, बसा हं," सिस्टर म्हणाली आणि त्यांची मान मापली.

गुरुवारी सकाळी ती तो पाठीमागून उघडणारा शर्ट घेऊन गेली. काकूंना एकदा दाखवलं, दुसऱ्यांदा काकूंनीच घातला. बाह्या चढवल्या, पट्ट्या दाबल्या.

"अगं बाई, झालंसुद्धा!" काकूंनी टाळीच वाजवली. "अहो, बघा तरी आरशात!"

हेडमास्तरांनी कपाटाच्या आरशात पाहिलं. कॉलर, रेघ, बटणं, सगळं जागच्या जागी. सहा महिन्यांत पहिल्यांदा ते आरशासमोर सरळ बसले होते. सिस्टरला वाटलं, जिंकलो.

"तो हातातला आरसा दे," ते म्हणाले.

काकूंनी आरसा मागे धरला. त्यांनी दोन्ही आरशांतून आपली पाठ बघितली. वरपासून खालपर्यंत पट्टी. बराच वेळ बघितली.

"पुढून माणूस," ते म्हणाले, "मागून पेशंट."

"आजोबा, वरून कोट घातला की कुणाला दिसणारही नाही."

"मला दिसतोय ना." ते तिच्याकडे वळले. "हा शर्ट मी घालायचाय की हिने?"

काकूंनी सिस्टरकडे बघितलं, सिस्टरने काकूंकडे.

"यात मी काय करायचं?" हेडमास्तरांनी विचारलं.

"तुम्हाला काहीच करावं लागणार नाही," सिस्टर म्हणाली. अगदी कौतुकाने म्हणाली.

"तेच म्हणतोय मी." त्यांनी डोळे मिटून घेतले. "काढा."

काढायला वीस सेकंद लागले. घालायला अडतीस, काढायला वीस. शर्ट म्हणून बघाल तर विक्रमच होता.

*

"बिघडलेला पेशंट आहे," आईने घरी निकाल दिला. शर्ट हातात घेऊन तिने आतून-बाहेरून तपासला, पट्ट्या दोनदा उघडून मिटल्या. "शर्ट फर्स्ट क्लास आहे. माझ्या वॉर्डात असे वीस असते तर सकाळची अर्धी कामं सातच्या आत उरकली असती."

आईच्या तोंडून दुकानाबद्दल अकरा महिन्यांत निघालेला हा पहिला चांगला शब्द होता, आणि तो नेमका आजच निघावा याचं सिस्टरला हसू आलं आणि रडूही.

नवरा लिफ्टदुरुस्तीचं काम करायचा. दिवसभर अंधाऱ्या खोबणीत लोंबकळून आल्यामुळे जेवताना तो फार बोलत नसे. आज मात्र ताटावरून मान वर न करता म्हणाला, "एका सोसायटीत लिफ्टची आतली बटणं गेली होती. बाहेरची चालू. सुटा भाग यायला आठ दिवस लागणार होते."

"आता लिफ्टचं काय मध्येच?" आई म्हणाली.

"ऐका तर. मग लोकांनी शक्कल काढली. खाली लिफ्टमध्ये उभं राहायचं आणि घरी फोन करायचा, मला वर घ्या. घरच्यांनी आपल्या मजल्यावरून बटण दाबायचं, की लिफ्ट बरोबर तिथे. एकदम झकास. कुणाला काही त्रास नाही."

"मग?"

"तिसऱ्या दिवसापासून सगळे जिने चढायला लागले. चौथ्या मजल्यावरच्या आजीसुद्धा. मी म्हटलं, आजी, लिफ्ट चालू आहे की. तर म्हणाल्या, आत बटण नाही तर ती लिफ्ट कसली, सामानाचा डबा आहे तो." तो पाणी प्यायला. "मला काय, मी आपलं सांगितलं."

सिस्टरचा घास हातातच राहिला. अडतीस सेकंद. ते कुणाचे वाचत होते? काकूंचे. आणि तिचे. चोवीस वर्षं तिने माणसांना कपडे घातले होते. स्वतः कपडे घालणाऱ्या माणसासाठी शर्ट शिवायला बसली, तेव्हाही तिने तो शिवला घालून देणाऱ्यासाठीच.

"उद्या सकाळी मला बांध," ती आईला म्हणाली.

"काय?"

"उजवा हात. निकामी करून बांध."

*

शुक्रवारी सकाळी आईने स्टुडिओच्या त्या रंगवलेल्या जिन्यासमोर तिला स्टुलावर बसवलं आणि अठरा वर्षांनी पहिल्यांदा क्रेप बँडेज हातात घेतलं. बोटं मुठीत मिटवून अशी पक्की गुंडाळली, की नर्सिंगच्या परीक्षेत नमुना म्हणून दाखवावीत. कोपराला फळी लावली.

"खांद्यातून उचलायचा नाही हं. हा हात तुझा नाहीच. उशी आहे असं समज."

"समजले."

"हललीस की पहिल्यापासून."

तिने नवऱ्याचा साधा शर्ट मांडीवर घेतला. आईने छातीवरचं घड्याळ वर केलं.

पहिल्या मिनिटाला शर्ट मांडीवरून घसरून खाली पडला. तो उचलायला वाकली तर उशीसुद्धा पुढे आली. "हलला!" आई ओरडली. "पहिल्यापासून!" दुसऱ्यांदा बाहीचं तोंडच सापडेना, सापडली ती डावी निघाली. तिने कॉलर दातांत धरली, उजवा हात डाव्याने उचलून बाहीत सोडला, तो कोपरापाशी जाऊन बसला. मग पाठीमागचं कापड मानेशी गोळा झालं आणि पुढे काही दिसेनासं झालं.

"तू अडकलीस," आई म्हणाली. खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"आई, हात लावशील तर बघ!" शर्टाच्या आतून सिस्टर म्हणाली.

"अगं पण गुदमरशील!"

"नाही गुदमरत. बस खाली."

"माणूस धडपडतंय आणि आपण बघत बसायचं? कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवतात हे?"

"याच. बस."

आई बसली. तेवढ्यात एक माणूस पासपोर्टचा फोटो काढायला दारात आला, संगमरवरी जिन्यापुढे डोकं नसलेली बाई आणि तिच्यासमोर हात मांडीखाली दाबून बसलेली म्हातारी बघून उलट्या पावली गेला.

एकतीस मिनिटं लागली. शर्ट अंगावर आला, बटणं लागली दोन. डाव्या कफाचं बटण लागलंच नाही, कारण ते लावायला जो हात हवा तो उशी होता. सिस्टर घामाने निथळत होती, केस विस्कटले होते, आणि का कोण जाणे, मनातून तिला शाळेतली शर्यत जिंकल्यासारखं वाटत होतं.

"बघ!" ती म्हणाली.

आई हसेल असं तिला वाटलं होतं. आई घड्याळाकडे बघत होती.

"माझ्या वॉर्डात एक बाई होती," ती म्हणाली. "बोटं वाकडी. सकाळी स्वतःची वेणी घालायला अर्धा तास लावायची. डॉक्टरांचा राउंड आठला, म्हणून मी तिच्या हातातून कंगवा काढून घ्यायचे. रोज. दोन मिनिटांत घालून द्यायचे वेणी." तिने घड्याळ सोडलं, ते छातीवर आपटून उलटं झालं. "छान घालायचे गं मी."

बँडेज सोडायला सिस्टरने हात पुढे केला, आणि आईने ते जरुरीपेक्षा हळू सोडलं.

मग कापड पसरलं. कापड घेताना चूक धरून जास्तच घ्यायचं हा तिचा नेम, त्यामुळे दुसऱ्या शर्टापुरतं निघालं. आता हा शर्ट पुढूनच उघडणार होता. खांद्याशी उजवा मुंढा मोठा, बाही रुंद. पाठीला आतून निसरडं अस्तर, म्हणजे कापड मानेशी गोळा न होता खाली ओघळेल. शर्ट मांडीवरून पडू नये म्हणून खालच्या दुमडीत वजन हवं होतं. ते कुठून आणायचं? आईनेच बोट दाखवलं. तळ्याचा तो पडदा सरळ लोंबावा म्हणून स्टुडिओवाल्याने त्याच्या खालच्या काठात लोखंडाच्या चपट्या चकत्या शिवल्या होत्या. चार चकत्या तळ्याकाठून निघून शर्टाच्या काठात गेल्या. कॉलरला आत उजव्या बाजूला दोऱ्याची एक गाठ, न बघता बोटांना बाजू कळावी म्हणून. डाव्या कफाला बटणाच्या मागे इलॅस्टिक, हात नुसता घातला की पुरे. आणि पुढे दिसायला पाच बटणं, पण त्यांच्या मागे चुंबक. जवळ नेली की आपली आपण चिकटतील. पट्ट्या दाबायच्या तर त्या उघडताना चर्र वाजतात, आणि हेडमास्तर तो आवाज कधीच खपवून घेणार नव्हते.

शेवटी खिसा. तो डावीकडे लावायला घेतला आणि तिने डावा हात स्वतःच्या छातीवर नेऊन पाहिला. मनगट मुडपलं. मग खिसा उजवीकडे लावला.

शनिवारी सकाळी दहाला आईने तिला परत बांधलं. सोळा मिनिटं.

*

साडेअकराला ती हेडमास्तरांच्या दारात उभी होती. काकूंनी दार उघडलं, तिच्या हातातली पिशवी बघितली आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "आज नकोच. सकाळपासून बोलत नाहीयेत."

"मला त्यांच्याशीच बोलायचंय." ती आत गेली आणि स्टूल ओढून त्यांच्या समोर बसली. "सर, परवा माझं चुकलं."

हेडमास्तरांनी खिडकीबाहेरची नजर आत वळवली. तो ‘सर’ त्यांच्या कानांनी टिपला होता.

"आधी सांगा, छातीत काही यंत्र वगैरे बसवलंय का? बटणांत चुंबक आहेत."

"नाही. डोकं ठीक, हृदय ठीक. उजवी बाजू तेवढी संपावर आहे."

तिने शर्ट त्यांच्या मांडीवर ठेवला. वजनामुळे तो जागच्या जागी बसला, आणि त्यांचा डावा हात आपसूक त्यावर गेला. ती एकेक सांगत गेली, ते एकेक चाचपत गेले. गाठीपाशी बोट थांबलं.

"ही कशाला?"

"उजवी बाजू. बघावं लागू नये म्हणून."

"किती वेळ लागेल?"

"मला सोळा मिनिटं लागली. पण माझा हात खोटाच बांधलेला होता. तुम्हाला जास्त लागतील."

"गणित सोडवताना घड्याळ बघायचं नाही, असं मी मुलांना सांगायचो." त्यांनी दाराकडे मान केली. "जा बाहेर. दोघी."

दोघी स्वयंपाकघरात जाऊन उभ्या राहिल्या. दार बंद झालं. काकूंनी गॅस पेटवला, विझवला, परत पेटवला. आतून कापडाची सळसळ ऐकू आली, मग बराच वेळ काही नाही, मग एक मोठा सुस्कारा.

"मी नुसतं डोकावून येऊ?"

"नको काकू."

"बाही तरी धरून देते. ओढत नाही, नुसती धरते."

"माझ्याही पायांना मुंग्या आल्यात," सिस्टर म्हणाली. "चोवीस वर्षं बेल वाजायच्या आत धावलेय मी. धरा माझा हात."

काकूंनी खरोखरच तिचा हात धरला. तेवढ्यात पिशवीतला फोन वाजला. मेट्रनबाई. बाराला सात मिनिटं होती.

"काय ठरलं?"

"मॅडम, जरा थांबा. आत एकजण शर्ट घालतायत."

"म्हणजे?"

"हेडमास्तर आहेत. उजवी बाजू गेलीय. बारा मिनिटं झाली, अजून घालतायत."

"आणि तू बाहेर काय करतेस?" मेट्रनबाईंना खरंच कळेना. "अगं, तू आत जाऊन घालून दे की पटकन. आणि मला उत्तर दे."

सिस्टर बंद दाराकडे बघत राहिली. शर्ट जमणार की नाही, तिला अजून ठाऊक नव्हतं. कदाचित ते आत कॉलर दातांत धरून घामाघूम झाले असतील, कदाचित शर्ट जमिनीवर फेकून बसले असतील. पण या दाराबाहेर उभं राहायचं काम आपलं आहे, आणि आत जायचं काम आपण पुरेसं केलंय, हे तिला कुणी सांगायची गरज उरली नव्हती.

"तेच नाही करायचं मला, मॅडम," ती म्हणाली. "मी येत नाही."

"वेडी आहेस," मेट्रनबाई म्हणाल्या. "राजीनामा टाइप करून पाठव. हाताने लिहिलेला ते घेत नाहीत." आणि फोन ठेवला. ठेवताना तो तापमान घेतल्यासारखा आवाज जरा मऊ वाटला, पण तो भासही असेल.

आत काहीतरी धप्पकन पडलं. काकू आणि सिस्टर दोघी एकदम दाराकडे झेपावल्या आणि दोघी दारापाशी एकमेकींना धरून थांबल्या.

"काही नाही," आतून आवाज आला. "काठी पडली. तिथेच थांबा."

त्या तिथेच थांबल्या. मग दार उघडलं.

हेडमास्तर उभे होते. कपाळावर घाम, केस उभे. शर्ट अंगात होता. तिसरं बटण दुसऱ्याच्या जागी चिकटलं होतं, त्यामुळे एक काठ बोटभर खाली आला होता. काकूंचा हात तो नीट करायला वर गेला, अर्ध्यावर थांबला, आणि वळून त्यांच्या स्वतःच्याच केसांवरून फिरला.

"किती?" हेडमास्तरांनी विचारलं.

"तुम्हीच म्हणालात, घड्याळ बघायचं नाही."

"मुलांनी. मास्तरांनी बघायचं असतं."

"एकोणीस."

त्यांनी मान खाली घालून काठ बघितला. डाव्या हाताने बटण सोडवलं, योग्य जागी नेलं. टक्. मग छातीवर हात फिरवला. "खिसा चुकलाय तुमचा. उजवीकडे आलाय."

"चुकला नाही, सर."

त्यांनी टेबलावरचं पेन डाव्या हाताने उचललं आणि खिशात घातलं. पहिल्याच खेपेला गेलं.

"हं," ते म्हणाले.

चाळीस वर्षांत त्या एका ‘हं’साठी किती मुलांनी किती वह्या भरल्या असतील, देव जाणे. सिस्टरला तो एका शर्टात मिळाला.

*

मंगळवारी नवऱ्याने शिडी आणली आणि ‘फोटो स्टुडिओ’ची पाटी उतरवली. नव्या पाटीवर काय लिहायचं यावरून आई आणि लेक यांची दोन दिवस जुंपली होती. आईला ‘वैद्यकीय’ हा शब्द हवा होता. शेवटी ‘तुमचे तुम्ही घाला असे कपडे’ यावर तह झाला.

"हे काय नाव आहे?" शिडीवरून नवरा म्हणाला. "भांडण वाटतंय."

"तू खिळा ठोक," आई म्हणाली.

अकराच्या सुमारास हेडमास्तर काठी टेकत आले, मागे काकू. मेळाव्यात शर्टाबद्दल कुणी काही म्हणालं का, असं सिस्टरने विचारलं.

"कुणाच्या लक्षातसुद्धा आला नाही," काकू जरा हिरमुसून म्हणाल्या.

"उत्तम," हेडमास्तर म्हणाले आणि रंगवलेल्या जिन्यासमोरच्या खुर्चीवर बसले. तळ्याचा काठ चार चकत्यांच्या जागी दुमडून वर आला होता, त्याकडे त्यांनी नापसंतीने पाहिलं. "आता पँटचं बोला. सकाळी तेवीस मिनिटं जातात."

सिस्टरने वही उघडली. "सर, पट्टा लावता की इलॅस्टिक?"

"पट्टा. इलॅस्टिक लहान मुलांना."

"लावून दाखवा."

ते लावायला लागले. पट्टा पहिल्याच पेचात निसटला. काकू नकळत खुर्चीवरून उठल्या, आणि खांद्यावर एक हात पडला.

"बाई, तुम्ही इकडे बसा, माझ्याजवळ," आई म्हणाली. तिने दोन खुर्च्या शेजारी शेजारी मांडून ठेवल्याच होत्या. "हात असे मांडीखाली घ्या. दोन्ही. पहिल्यांदा फार जड जातं, पण जमतं हळूहळू."

आणि तिने छातीवरचं घड्याळ वर केलं.